टाचणीचे नाव

गेल्या अंकात या सदरासोबत पिवळ्या टाचणीचे जे छायाचित्र छापले गेले, त्याखालचे नाव चुकीचे होते. चूक संपादकांची नव्हे, माझी. नाव मी दिले होते आणि खात्रीने दिले होते. म्हणून खुलासाही सविस्तर करणे भाग आहे.

टाचणी म्हणजे चतुराचे सडपातळ भावंड. चतुर पंख पसरून बसतो, टाचणी बहुधा ते पाठीवर मिटून घेते. तिचे डोळेही एकमेकांना न भिडता डोक्याच्या दोन टोकांना असतात. इतके ओळखणे मुलांनाही जमते. कसोटी लागते ती जाती ठरविताना.

ते छायाचित्र भाद्रपदात, गावाबाहेरच्या तळ्याकाठी काढलेले. पाणथळ जागी दिसणारी परिचित पिवळी टाचणी म्हणजे कोरोमंडल मार्श डार्ट. मी तेच नाव लिहून मोकळा झालो. अंक घरोघरी पोहोचला आणि चार दिवसांनी एका वाचकांचा फोन आला. कापडाचे दुकान सांभाळून हे गृहस्थ अनेक वर्षे टाचण्यांची छायाचित्रे काढतात. त्यांनी एकच विचारले, "आपल्या टाचणीच्या खांद्यावर काळे पट्टे आहेत, ते पाहिलेत का?"

पाहिले नव्हते. कोरोमंडलचा वक्षभाग सरसकट हिरवट असतो, त्यावर पट्टे नसतात. पट्टे असतात ते वेस्टर्न गोल्डन डार्टलेटच्या वक्षावर. शिवाय तिच्या नराच्या पिवळ्या उदराचे टोक निळे असते. माझ्या चित्रात नेमके तेच टोक गवताच्या पात्याआड गेले होते. त्या रात्री मी त्या सकाळची बाजूला टाकलेली, हललेली चित्रे पुन्हा उघडली. एका चित्रात टाचणी उडण्याच्या बेतात होती. सारे धूसर, पण टोकाचा निळा रंग स्वच्छ दिसत होता. रक्कम खरी, पण जमा भलत्याच खात्यावर झालेली! पिवळा रंग पाहताच मी हिशेब मिटवला होता.

रंग हा तसा फसवाच साक्षीदार. पाण्यातून नुकतीच बाहेर पडलेली टाचणी फिकट असते, खरा रंग नंतर चढतो. पिग्मी डार्टलेट नावाची इवलीशी टाचणी घ्या: तिची कोवळी मादी लालसर, तीच पुढे हिरवट होते, म्हाताऱ्या नरावर पांढरी भुकटी चढते. नवखा माणूस एकाच जातीला तीन नावे देऊन बसतो. म्हणून ते गृहस्थ सांगतात, एका सुंदर चित्रापेक्षा तीन साधी चित्रे काढा: एक बाजूने, एक वरून, एक उदराच्या टोकाचे. तारीख आणि जागा तिथल्या तिथे लिहा. आणि पात्याला हात लावू नका.

एफ. सी. फ्रेझर यांनी १९३३ ते १९३६ या काळात भारतीय चतुर-टाचण्यांवर तीन खंड लिहिले, तेव्हा टाचणी ओळखायची तर ती पकडून, मारून ठेवावी लागे. नवी जाती जाहीर करायची तर आजही नमुना लागतोच. शंतनू जोशी आणि दत्तप्रसाद सावंत यांनी २०१९ मध्ये सिंधुदुर्गातून कोरोमंडलच्याच वंशातली एक नवी जाती जगापुढे आणली. आपल्या दाराशी अजून अशी नावे शिल्लक असताना मी मात्र पिवळे दिसले की कोरोमंडल म्हणत होतो. आपल्यासारख्यांच्या नोंदींना छायाचित्र पुरते, पण ते नीट वाचले तर.

या वेळी सोबत निळ्या टाचणीचे चित्र दिले आहे. ते मी आधीच त्या गृहस्थांना आणि त्यांच्या एका मित्रांना दाखविले. एकाच्या मते ती ब्लू ग्रास डार्ट, दुसऱ्याच्या मते जंगल ग्रास डार्ट. दोघांचे म्हणणे मी निमूटपणे ऐकून घेतले. या दोन जातींचे नर ओळखायचे तर उदराच्या टोकाशी असलेल्या पकडींचा आकार पाहावा लागतो, आणि माझ्या चित्रात त्या पकडी स्पष्ट नाहीत. तेव्हा वहीत 'स्यूडॅग्रिऑन' हे वंशाचे नाव तेवढे लिहिले आहे. पुढची जागा रिकामी ठेवली आहे. रविवारी सकाळी पुन्हा तळ्यावर जायचे ठरले आहे. या वेळी तिघेही.