साच्यात घालून दाबलं की झालं?

परवा लंचला एका कलीगने व्हिडिओ दाखवला. अमेरिकेतले एक काका गॅरेजमध्ये पिस्तुलाची झाडलेली पुंगळी साच्यात घालतात, हँडल ओढतात, पुंगळी परत मापात! "एवढंच? साचा आपल्या वागळेत कोणीही करून देईल," इति कलीग. माझं डोकंच सटकलं.

आधी हे सांगतो, की परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं १९५९ च्या शस्त्र कायद्याने गुन्हा आहे. तेव्हा कुठल्या गाळ्यात जाऊन विचारू नका. पण मला झोंबलं ते "कोणीही". रोड नंबर १६ वर एसीत बसून कोड लिहिणाऱ्यांचा (मी त्यातलाच) हा खास माज आहे.

सरळ पुंगळी त्यातल्या त्यात सोपी. कार्बाइडची कडी तिच्यावरून सरकते, वंगणही लागत नाही. पण ७.६२ टोकारेव्ह किंवा .३५७ सिग बाटलीसारखी असते : अंग, खांदा, मान. तिथे साच्याला अख्खा आकार पकडावा लागतो आणि वंगण लागतंच. कमी पडलं तर पुंगळी साच्यात अडकते, जास्त झालं तर खांद्याला पोचे. टोकारेव्हचा खांदा जास्त मागे रेटला गेला तर ती चेंबरमध्ये ढिली बसते, बार उडताना ताणते, फाटूही शकते. तुमच्या हातात! (सिग खांद्यावर टेकते की तोंडावर, यावर तिकडचे लोक अजून भांडतात. स्पेक एक, वाचणारे दोन. ओळखीचं वाटतंय ना?)

त्यात पितळ उसळतं. दाबलं तेवढं राहत नाही, म्हणून साचा किंचित लहान ठेवायचा. किंचित म्हणजे किती? कॉलेजच्या सुट्टीत मी इथल्याच एका प्रेस टूलच्या गाळ्यात महिनाभर होतो. मिस्त्री डाय घासायचे, एक पीस काढायचे, मायक्रोमीटर लावायचे, परत घासायचे. ड्रॉइंगवर माप असतं, उसळी नसते.

शिवाय दर दाबणीला पितळ कडक होतं, आत ताण साठतो. इंग्रजी फौजेच्या इथल्या काडतुसांना पावसाळ्यात आपोआप भेगा पडायच्या. आतला ताण आणि तबेल्यांतला अमोनिया, असं त्याचं कारण. ते नीट उलगडायला १९२१ साल उजाडलं, आणि खडकीचा दारूगोळा कारखाना तर १८६९ चा!

कलीगने सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, "पण व्हिडिओ चारच मिनिटांचा होता रे."