फवारणीचं विष, विंचवाचा दंश आणि रुग्णालयातलं संशोधन

कपाशीवर फवारणीचा हंगाम आला की ग्रामीण रुग्णालयांत विषबाधेचे रुग्ण यायला लागतात. बाहुल्या बारीक, तोंडातून लाळ, दम लागलेला. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात अशा विषबाधेने वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले. मोठ्या रुग्णालयांतल्या संशोधनाचा या माणसांना किती उपयोग होतो, हे त्यानिमित्ताने तपासायला हवं.

उपयोग होतो, याचे पुरावे महाराष्ट्रातच आहेत. विंचवाचं घ्या. महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या सरकारी आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचू चावलेले रुग्ण रात्र-रात्र बसून पाहिले. मृत्यू हृदयावरच्या ताणामुळे होतो, हे त्यांनी नोंदवलं आणि रक्तदाबावरचं प्राझोसिन हे स्वस्त औषध वापरात आणलं. पुढे महाडमध्येच ७० रुग्णांवर चाचणी झाली. प्राझोसिनसोबत प्रतिविष दिलेल्या ३५ पैकी ३२ जण दहा तासांत पूर्ण बरे झाले, नुसत्या प्राझोसिनवर आठच. २०११ मध्ये हा निष्कर्ष 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये छापून आला.

कीटकनाशकाचं प्रकरण मात्र एवढं सरळ नाही. बारामतीच्या एका खासगी रुग्णालयात २०० रुग्णांवर अभ्यास झाला. प्रॅलिडॉक्झाइम (डॉक्टर याला 'पाम' म्हणतात) सलाइनमधून ४८ तास सलग, मोठ्या मात्रेत दिलं तेव्हा मृत्यूचं प्रमाण १ टक्का राहिलं. दर चार तासांनी थोडं थोडं दिलेल्या गटात ते ८ टक्के होतं. २००६ मध्ये 'लॅन्सेट'ने हे छापलं. तीनच वर्षांनी श्रीलंकेतल्या २३५ रुग्णांच्या चाचणीत त्याच औषधाचा फायदा दिसला नाही. मग खरं कोण? बहुधा दोन्ही. बारामतीचे रुग्ण लवकर पोचले होते, आणि प्रत्येक ऑर्गनोफॉस्फरस विषावर पाम सारखं चालत नाही. काही विषं तासाभरातच शरीरात अशी घट्ट बसतात की नंतर औषध देऊन फार उपयोग नसतो.

म्हणजे डॉक्टरांपुढचा प्रश्न औषध कोणतं एवढाच नाही. विष कोणतं आणि रुग्ण कधी आला, हेही कळलं पाहिजे. रक्तातल्या कोलिनएस्टरेजची तपासणी इथे मदत करते, पण ग्रामीण रुग्णालयात ती सहसा होत नाही. औषधाचा डबा सोबत आणला तर अर्धं काम होतं. नातेवाईक बहुतेक वेळा तो बांधावरच टाकून येतात.

आता जिल्ह्याजिल्ह्यांत वैद्यकीय महाविद्यालयं झालीत. प्राध्यापकांना बढतीसाठी शोधनिबंध लागतात, म्हणून निबंध निघतात. त्यातले किती आपल्या विंचवाचे, सापाचे, फवारणीचे असतात, हे प्रत्येक महाविद्यालयाने जाहीर करायला हरकत नसावी. सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयाने हत्तीरोगासाठी रक्ततपासणीची पद्धत विकसित करण्यावर वर्षानुवर्षं काम केलं, कारण तो आजार त्यांच्या दारातला होता.

रुग्णाच्या बाजूने एक गोष्ट पक्की आहे. औषधाची चाचणी असेल तर तिची नोंद राष्ट्रीय नोंदवहीत करावी लागते, २००९ पासून ते बंधनकारक आहे. रुग्णाला समजेल अशा भाषेत माहिती द्यावी लागते आणि सही केलेल्या संमतीपत्राची प्रतही द्यावी लागते. नाही म्हटलं तरी नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत. दाखल करतानाच्या घाईत पुढे आलेल्या कागदांत असा कागद असेल, तर तो वाचून दाखवा असं सांगण्याचा हक्क नातेवाइकांना आहे.