पाणीपट्टीचा हिशेब

"पाणी देवाचं, मग त्याचे पैसे कसले?" असं जळगाव जामोदकडे पुष्कळ घरांत म्हटलं जातं. भगिनींनो, पाणी देवाचं खरं. पण पंप, नळ नि वीज यांना पैसे पडतात. १९८७ च्या राष्ट्रीय जलनीतीने पिण्याच्या पाण्याला पहिला मान दिला, आणि पट्टीतून निदान देखभालीचा वार्षिक खर्च निघावा, असंही सांगितलं. धरणातल्या पाण्याचा ठोक दर २००५ च्या कायद्याने आलेलं राज्याचं जलसंपत्ती नियमन प्राधिकरण ठरवतं. आपल्या दारातली पट्टी मात्र ग्रामपंचायत किंवा नगरपरिषद आकारते.

आपला भाग पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातला. विहिरीचं पाणी फुकट, पण खारट. जळगाव जामोद नि संग्रामपूर तालुक्यांत मूत्रपिंडाच्या विकाराने किती घरं हवालदिल झाली, हे तुम्हांला ठाऊकच आहे. म्हणून तर वान धरणावरून १४० गावांची योजना आली. एक ध्यानात ठेवा : खारट पाणी उकळून वा तुरटी फिरवून गोडं होत नाही. उकळल्याने उलट क्षार दाटतात!

जलजीवन मिशनचं (२०१९) माप खेड्यात माणशी रोज ५५ लिटर. पाच माणसांना २७५, म्हणजे पंधरा लिटरच्या अठराएक घागरी. त्यातून पिण्याचं नि स्वयंपाकाचं आधी भरून झाकून ठेवा; सडा, धुणंभांडी विहिरीवर भागवा. आणि पट्टीची पावती विजेच्या बिलाजवळच ठेवा. ग्रामसभेत "चार दिवस नळ का नाही आला?" असं विचारताना ती हातात असली, की बोलायला जोर येतो.