बोअर मारणे सोपे, बुजवणे अवघड

विहिरीचे पाणी हिवाळ्यात कोमट आणि उन्हाळ्यात गार लागते, हे तुम्हाला सांगायला नको. खरे तर पाणी फारसे बदलत नाही, बाहेरची हवा बदलते. वीस-तीस फुटांच्या खाली जमिनीचे तापमान बारा महिने जवळजवळ एकच राहते. याचा उपयोग करून इमारती गरम किंवा थंड ठेवण्याचे तंत्र परदेशात काही दशके वापरात आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने भूऔष्णिक ऊर्जेचे राष्ट्रीय धोरण जाहीर केले. त्यात वीजनिर्मितीबरोबर इमारती, हरितगृहे आणि शीतगृहे यांचाही विचार आहे. म्हणजे आज ना उद्या हा विषय गावात येणार, आणि त्याच्या पाठोपाठ प्रशिक्षणाच्या जाहिरातीही.

एक गैरसमज आधी काढून टाकू. यासाठी वज्रेश्वरी किंवा उनपदेवसारखा गरम पाण्याचा झरा लागत नाही. साधारण दोनशे ते पाचशे फूट बोअर मारायचे, त्यात जाड प्लास्टिकची नळी सोडून वळवून परत वर आणायची आणि तिच्यातून तेच ते पाणी फिरवत ठेवायचे. फ्रीजच्या तत्त्वावर चालणारा हीट पंप खोलीतली उष्णता त्या पाण्यात सोडतो, पाणी ती जमिनीला देते. थंडीत हेच उलटे चालते. विजेच्या एका युनिटमध्ये उष्णतेची तीन-चार युनिटे हलवता येतात. जमिनीतले पाणी उपसावे लागत नाही.

मग यात शिकण्यासारखे काय? बरेच काही. अमेरिकेत ओक्लाहोमा स्टेट युनिव्हर्सिटीत १९८७ साली या कामासाठी एक संघटना उभी राहिली. यंत्रणा बसवणाऱ्यांना प्रशिक्षण देणे हे तिचे मोठे काम. नळी तापवून सांधायची, दाब देऊन तपासायची, इमारतीची गरज मोजून बोअरची एकूण लांबी ठरवायची आणि नळीभोवतीची पोकळी बेंटोनाइटसारख्या मिश्रणाने तळापासून वरपर्यंत भरायची, असे हे शिक्षण. यातले शेवटचे काम वरून दिसत नाही, पण सगळा धोका तिथेच आहे.

जर्मनीतल्या श्टाउफेन गावाचे उदाहरण पाहा. २००७ साली तिथल्या नगरपालिकेच्या इमारतीसाठी सात बोअर मारले, सुमारे १४० मीटर खोल. खाली अनहायड्राइटचा थर होता. बोअरमधून त्याला पाणी लागले, त्याचा जिप्सम होऊन तो फुगला आणि जमीन वर उचलली गेली. दोनशेहून अधिक घरांना तडे गेले.

आपल्या काळ्या पाषाणात असा थर नाही, त्यामुळे ती भीती नको. आपला धोका वेगळा आहे. बोअरभोवतीची पोकळी नीट भरली नाही, तर शोषखड्ड्याचे आणि खताचे पाणी त्यातून थेट खालच्या पिण्याच्या पाण्यात उतरू शकते. तमिळनाडूतल्या तिरुचेनगोडच्या बोअरच्या गाड्या आपल्याकडेही येतात. गाडी रात्रीत निघून जाते, भोक मात्र गावात राहते.

दुसरी गोष्ट हिशेबाची. थंड देशात हिवाळ्यात जमिनीतून उष्णता काढतात आणि उन्हाळ्यात परत भरतात. आपल्याकडे बहुतेक वर्षभर भरायचीच वेळ. आपली जमीन मुळातच पंचवीस अंशांच्या आसपास किंवा त्याहून उबदार. बोअर कमी किंवा फार जवळजवळ घेतले, तर काही वर्षांत भोवतालची जमीन तापते आणि बिल चढू लागते. म्हणून परदेशातला नकाशा जसाच्या तसा इथे चालणार नाही. लहान घराला तर हा खर्च परवडणार नाही. तिथे छताला पांढरा रंग, सावली आणि वारा खेळता ठेवणे हेच आधी करावे. मोठे रुग्णालय किंवा शीतगृह असेल, तर विचार करायला हरकत नाही.

गावातल्या पोरांना यात काम मिळू शकते. आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशन व एअर कंडिशनिंग शिकलेला मुलगा निम्मे काम जाणतो, बोअरच्या गाडीवरचा मुलगा उरलेले निम्मे. दोघांना जोडणारे शिक्षण हवे. पण फी भरण्यापूर्वी एवढे विचारा: प्रत्यक्ष बोअरवर हात चालवायला मिळणार का? नळी सांधायला आणि पोकळी भरायला शिकवणार का? जमीन किती उष्णता घेते, याची चाचणी दाखवणार का? नुसत्या वर्गात बसवून कागद देणार असतील, तर पैसे खिशातच ठेवा.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी यांनीही लक्षात घ्यावे. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर घेता येत नाही, हे बंधन १९९३ च्या कायद्यापासून आहे. इथे पाणी उपसायचे नाही, असे कोणी म्हणेल. पण भोक ते भोकच. असा प्रस्ताव आला, तर ठराव करण्यापूर्वी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचा लेखी सल्ला घ्यावा आणि पोकळी भरण्याचे काम स्वतः उभे राहून पाहावे.