दुष्काळी पट्ट्यातील जलद्वीपे

महासागरातील दूरस्थ बेटांवर गोड्या पाण्यातील वनस्पती पोहोचतात कशा, हा प्रश्न चार्ल्स डार्विनला पडला होता. त्यांचे बी वाहून नेणारे पाणपक्षीच असावेत, असा त्याचा तर्क होता. एका तळ्याच्या काठचा तीन मोठे चमचे चिखल त्याने सहा महिने झाकून ठेवला. त्यातून ५३७ रोपे उगवली. १८५९ च्या ग्रंथात नोंदलेला हा प्रयोग सातारा-सांगलीच्या दुष्काळी तालुक्यांनाही लागू पडतो.

खटाव, माण, आटपाडी, जत येथील कोरड्या माळरानात तलाव हीच बेटे होत. मायणी व येरळवाडीला उतरणाऱ्या रोहित पक्ष्यांचे कौतुक सर्वत्र होते. परंतु तळ्यातळ्यांतून हिंडणारी साधी बदकेही पायांच्या चिखलातून, पिसांतून आणि विष्ठेतून बी नेतात. त्या वनस्पतींच्या आश्रयाने मासे व कीटक वाढतात आणि त्यांवर पुन्हा पक्षी पोसतात. या वाहतुकीचे भाडे कोणी देत नाही. म्हणूनच ती कोणत्याही जमाखर्चात दिसत नाही.

मायणीस २०२१ मध्ये पक्षी संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला, हे योग्यच झाले. मात्र सरकारी सीमारेषा पक्ष्यांना ठाऊक नसते. राखीव क्षेत्राबाहेरचे लहान तलाव नष्ट झाले, तर ही साखळीच तुटेल.

टेंभूसारख्या उपसा योजनांनी कृष्णेचे पाणी दुष्काळी भागात आणले. टँकरची वाट पाहणाऱ्या गावांना हे पाणी नको, असे कोण म्हणेल? तथापि तलाव बारमाही काठोकाठ भरलेला राहिला, तर त्याचा उथळ, चिखलाचा काठ बुडतो. आणि पक्ष्यांचे खाद्य व बियांचे रुजणे पुष्कळसे त्या काठावरच अवलंबून असते. शेतांतील खते पाण्यात उतरली, की शेवाळ व जलपर्णी माजून इतर वनस्पती गुदमरतात.

गेलेले सारे पक्षी परत आणतील, असे मानणेही भ्रामक ठरेल. कासच्या सड्यावरील पावसाळी डबक्यांत उगवणारा, साताऱ्याचे नाव धारण करणारा 'अपोनोजेटॉन सातारेन्सिस' हा वायतुरा सह्याद्रीतील मोजक्याच ठिकाणी आढळतो. पक्ष्यांची ये-जा असूनही तो सर्वत्र पसरला नाही. तेथून तो गेला, तर आयात करण्यास दुसरी बाजारपेठ नाही.

हिवाळ्यात काठाचा थोडा भाग उघडा राहील अशी पातळी ठरविणे पाटबंधारे खात्यास अशक्य नाही. पाण्याचा काटेकोर हिशेब ठेवताना काठच्या चिखलाचीही नोंद जमेच्या बाजूस झाली पाहिजे.