हद्दीतला निकाल आणि हद्दीबाहेरचे शहर

कोल्हापूर महानगरपालिकेसाठी 15 जानेवारी 2026 रोजी मतदान झाले आणि दुसऱ्याच दिवशी निकाल लागले. गुलाल उधळला गेला, मिरवणुका निघाल्या आणि कोणी कोणास चीत केले याची चर्चा पेठापेठांतून व तालमीतालमींतून रंगली. हे सारे कोल्हापूरच्या प्रकृतीस धरूनच झाले. परंतु शहराच्या पूर्वेस, पुणे-बंगळूर महामार्गालगत असलेल्या उचगावातून या निकालाकडे पाहणाऱ्याची दृष्टी निराळी असणे स्वाभाविक आहे. तेथील नोकरदार रोज सकाळी शहरात येतो, त्याची मुले शहरातील महाविद्यालयांत शिकतात, भाजीपासून औषधापर्यंतची त्याची खरेदी बहुधा शहरातच होते. मतदानाच्या दिवशी मात्र तो शहराचा कोणी लागत नाही.

निकालाचे आकडे बोलके आहेत. 81 जागांपैकी 34 जागा जिंकून काँग्रेस सर्वांत मोठा पक्ष ठरला. परंतु भारतीय जनता पक्ष 26, शिवसेना 15 व राष्ट्रवादी काँग्रेस 4 अशा महायुतीच्या जागांची बेरीज 45 झाली आणि बहुमताचा 41 हा आकडा तिने ओलांडला. 2015 च्या निवडणुकीतही काँग्रेस 27 जागांसह पहिल्या क्रमांकावर होती. त्या वेळी राष्ट्रवादीच्या 15 जागा तिच्या मदतीस आल्या आणि अवघ्या एका जागेच्या आधिक्याने पाच वर्षांचा कारभार झाला. त्या काळात महापौरपद किती जणांत वाटले गेले, हे शहरास ठाऊक आहे. कायद्याने अडीच वर्षांचे असलेले पद काही महिन्यांचा मान होऊन बसते, तेव्हा दूरदृष्टीचे निर्णय घेण्याची उमेद कोणापाशी उरणार?

या दोन निवडणुकांच्या मध्ये आणखी एक गोष्ट घडली व तिचा विसर पडता कामा नये. नोव्हेंबर 2020 मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि त्यानंतर पाच वर्षांहून अधिक काळ महापालिका प्रशासकाच्या हाती राहिली. मुदत संपण्यापूर्वी निवडणूक झाली पाहिजे, असे 74 व्या घटनादुरुस्तीने स्पष्ट सांगितले आहे. तरीही आरक्षण व प्रभागरचनेच्या वादांत वर्षे गेली आणि अखेर मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयास निवडणुका घेण्याचा आदेश द्यावा लागला. म्हणजे या काळात उचगावकर आणि राजारामपुरीतला करदाता यांच्यात एका बाबतीत फरक उरला नव्हता: शहराच्या कारभारात दोघांचाही प्रतिनिधी नव्हता. आता राजारामपुरीस तो मिळाला आहे. उचगावचे काय, हा प्रश्न शिल्लक आहे.

कोल्हापूरची नगरपालिका 1854 मधील आणि महानगरपालिका 1972 मधील. महानगरपालिका झाल्यापासून शहराची हद्द वाढलेली नाही. सुमारे 67 चौरस किलोमीटरच्या या क्षेत्रात 2011 च्या जनगणनेनुसार साडेपाच लाखांच्या आसपास लोक राहत होते. त्यानंतरची वाढ मुख्यत्वे उपनगरांत आणि हद्दीलगतच्या गावांत झाली. हद्दवाढीचे प्रस्ताव अनेकदा झाले, त्यांच्या बाजूने व विरोधात आंदोलने झाली, बंद पाळले गेले. 2017 मध्ये शासनाने मधला मार्ग म्हणून 42 गावांसाठी नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण स्थापन केले. त्याने शहराचे समाधान झाले नाही, तसे गावांचेही झाले नाही. बांधकामाचा परवाना हवा असेल तर प्राधिकरणाकडे जावे लागते. पण परवान्यास विलंब झाला तर मत देऊन ज्यास जाब विचारावा असा कोणी तेथे नसतो.

हद्दवाढीस गावकऱ्यांचा होणारा विरोध हा केवळ अडाणी हट्ट आहे, असे शहरातील सुशिक्षित वर्गात सहज बोलले जाते. ते न्याय्य नाही. हद्दीत गेल्यास घरपट्टी वाढेल, शेतजमिनीवर आरक्षणे पडतील आणि ज्या ग्रामपंचायतीच्या दारात उभे राहून सरपंचास प्रश्न विचारता येतो ती नाहीशी होईल, ही भीती अनाठायी नाही. आहे त्या शहरासच पुरेशा सोयी देता येत नसताना आम्हांस काय देणार, हा सवालही बिनतोड आहे. काळम्मावाडीच्या थेट नळयोजनेचे पाणी शहरात पोहोचेपर्यंत 2023 ची दिवाळी उजाडली, हे गावांनी पाहिले आहे.

परंतु शहराची बाजूही खोटी नाही. ज्या रस्त्यांवरून, ज्या बसगाड्यांतून आणि ज्या मंडईतून परिसरातील हजारो लोकांचा व्यवहार चालतो त्यांचा भार हद्दीतील करदाता वाहतो. लाभ एका क्षेत्रात आणि खर्च दुसऱ्या क्षेत्रावर, अशी फारकत झाली की सार्वजनिक सेवा कमी पडतात, हा अर्थशास्त्राचा साधा नियम आहे. जकात होती तोवर बाहेरून येणाऱ्या मालावर काही वसुली होत असे. 2011 मध्ये जकात गेली, तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था करही टिकला नाही आणि वस्तू व सेवा करानंतर महापालिकेस शासनाच्या अनुदानाकडे डोळे लावून बसावे लागत आहे. अशा स्थितीत उरते ती प्रामुख्याने घरपट्टी. आणि नवी घरे तर हद्दीबाहेर उठत आहेत.

या अनिश्चिततेचे उदाहरण शोधण्यास दूर जावयास नको. महामार्गावरून शहरात शिरताना लागणारा तावडे हॉटेलचा परिसर महापालिकेचा की उचगावचा, यावर वर्षानुवर्षे वाद झाला व प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. एकाने परवाना द्यावा आणि दुसऱ्याने बांधकाम बेकायदा ठरवावे, यात भरडला जातो तो ज्याने पैसे गुंतवले तो नागरिक. हद्द अनिश्चित ठेवण्याची किंमत असते आणि ती पुढाऱ्यांस द्यावी लागत नाही.

म्हणून गावे रेटून आत घ्यावीत, असा मात्र याचा अर्थ नव्हे. पुण्याचा अनुभव डोळ्यांसमोर आहे. फुरसुंगी व उरुळी देवाची ही गावे 2017 मध्ये पुणे महापालिकेत आली. कर वाढला त्या मानाने सोयी आल्या नाहीत, अशी तक्रार होत राहिली आणि 2024 मध्ये ती बाहेर काढून त्यांची स्वतंत्र नगरपरिषद करण्यात आली. संमतीवाचून आखलेली रेषा टिकत नाही, एवढा धडा त्यातून घ्यावयास हवा.

कोल्हापूरच्या नव्या सभागृहास बहुमत मिळाले आहे. त्याचा उपयोग त्याने प्रथम हिशेब मांडण्यासाठी करावा. हद्दीबाहेर कोणती सेवा दिली जाते, तिच्यावर किती खर्च होतो, गाव आत आल्यास करात कोणत्या वर्षी किती वाढ होईल आणि त्याच वर्षी पाणी, गटारे, दिवे यांपैकी काय मिळेल, हे गावनिहाय लिहून प्रसिद्ध करावे. नव्याने आलेल्या क्षेत्रात कर टप्प्याटप्प्याने वाढविण्याची तरतूद कायद्यात आहेच. तशाच टप्प्यांनी सेवा देण्याचे बंधन महापालिकेने स्वतःवर घालून घ्यावे. तो कागद हाती घेऊन नगरसेवकांनी उचगावच्या ग्रामसभेस जावे व तेथील प्रश्नांस उत्तरे द्यावीत. ज्यांची मते मिळवावयाची नाहीत अशा लोकांपुढे उभे राहणे पुढाऱ्यांस अवघड वाटेल. परंतु शहराचे नेतृत्व करू म्हणणाऱ्यांची खरी परीक्षा तेथेच आहे.

आणि उचगावनेही आपला नकार एकदा तपासून पाहावा. गावात राहून शहराचे लाभ घेण्याची सोय आज परवडते. पण ज्या शहराचे रस्ते, पाणी व नदी यांवर आपल्या मुलांचे भवितव्य अवलंबून आहे, त्याच्या सभागृहात आपला एकही माणूस नसावा, ही सोय कायमची परवडणारी नाही. पुढील निवडणूक येईल तेव्हा उचगावकर मतदार असेल किंवा नसेल. तो निर्णय त्याने हिशेब पाहून स्वतः घेतलेला असावा, एवढी तजवीज या पाच वर्षांत झाली तरी या निकालाचे सार्थक होईल.