अहिल्याबाईंची कलादृष्टी
वडवणीहून परळीच्या रस्त्याला लागलं की वैजनाथाचं देऊळ फार लांब नाही. त्याचा जीर्णोद्धार अहिल्याबाई होळकरांनी केला, पण ते काम आपण पुण्याईच्या खात्यात टाकून मोकळे होतो. इटलीत मांतुआच्या इसाबेला देस्तेनं आपल्या दालनासाठी चित्रकार मांतेन्याकडून चित्रं काढून घेतली, तर जग तिला कलेची आश्रयदाती म्हणतं. मग महेश्वरात विणकर वसवणाऱ्या, वेरूळचं घृष्णेश्वर नव्यानं उभारणाऱ्या आपल्या बाई कोण? महेश्वरी लुगड्याचा काठ जवळून बघा, महेश्वरच्या किल्ल्याच्या दगडातली नक्षी धाग्यात उतरलेली दिसेल. इसाबेलाची चित्रं खासगी दालनापुरती होती. बाईंनी घाट बांधले, मंडप उभारले, तिथे कुणीही जाऊन बसावं. त्यांच्या न्यायाइतकीच ही रसिकता आमच्या मुलींना शाळेत शिकवा.